आता मला चालतं

प्रिय बारक्या,

पाकिटावर माझं अक्षर बघून तुम्ही नवरा-बायको, तू आणि धाकटी, घाबरला असाल, म्हणून आधीच सांगतो, सगळे ठीक आहेत. आईचा गुडघा आहे तसाच आहे. तुझी वहिनी दुकानात गेली आहे. मी एका ऑफिसच्या इमारतीत, गच्चीवरच्या मशीनरूममध्ये, उलट्या ठेवलेल्या बादलीवर बसून लिहितोय. लिफ्ट दुरुस्त झाली आहे, पण तपासणारे साहेब येईपर्यंत मला इथून हलता येत नाही. फोनवर हे बोलणं मला जमलं नसतं. गुरुवारी तुझा फोन आला तेव्हा मी नुसतं "बरं" म्हणालो आणि ठेवून दिला. तू तिकडे हॅलो हॅलो करत राहिला असशील. मी रागावलो नव्हतो रे. रागावलो असतो तर एका अर्थी बरंच झालं असतं, निदान काहीतरी वाटलं असतं.

शनिवार-रविवार आम्ही दोघं बाहेर जाऊन आलो, हे आईने तुला सांगितलंच असेल. द्राक्षांच्या मळ्यांचा तो पट्टा आहे ना, जिथे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वायनरी आहेत आणि फाटकाबाहेर पाट्या, की आत या, वाइन चाखून बघा. आईने आधी तोंड वाकडं केलं, पण बोलली काही नाही. हल्ली ती आमच्यासमोर जपून बोलते, जणू काचेच्या भांड्यांच्या दुकानात उभी आहे. कल्पना माझी नव्हती, वहिनीची होती. तिच्या चष्म्याच्या दुकानात कुणी गिऱ्हाईक जाहिरातीचा कागद विसरून गेलं होतं. तो तिने घरी आणला, फ्रिजवर चिकटवला आणि म्हणाली, "जाऊ या का? आता मला चालतं." मी हो म्हणालो. आता म्हणजे काय, ते दोघांनाही माहीत होतं. मग मी टायरमधली हवा बघायला खाली गेलो. हवा ठीकच होती, तरी बराच वेळ बघत बसलो.

पहिली जागा म्हणजे जुनं गोदाम होतं. उंच छप्पर, लांबलचक लाकडी काउंटर आणि टेबलं म्हणून उभी केलेली पिंपं. काउंटरमागे काळा एप्रन घातलेली एक मुलगी होती, केसांत पेन्सिल खोचलेली. तिने आमच्यापुढे पाच-पाच ग्लास मांडले आणि पाठ केल्यासारखं विचारलं, "गाडी कोण चालवणार? काही औषधं चालू आहेत का? दिवस वगैरे?" मी हात वर केला, म्हणजे गाडीसाठी. वहिनी म्हणाली, "नाही. आता काही नाही." मुलगी हसून म्हणाली, "मग मजा आहे तुमची!" आणि तिने माझे ग्लास उचलून मला द्राक्षाचा रस दिला.

मग शिकवणी सुरू झाली. आधी रंग बघायचा, मग ग्लास फिरवायचा, मग नाक आत घालायचं, मग एक घोट जिभेवर घोळवायचा आणि नको असेल तर शेजारच्या भांड्यात थुंकायचा. चार लोकांत थुंकलो म्हणून लहानपणी आईचा मार खाल्लेले आपण. तू असतास तर तुला हसू आवरलं नसतं. शेजारी एक निवृत्त जोडपं होतं, दोघंही या कामात मुरलेले. त्यांना एकाच ग्लासात नासपती, मध आणि भिजलेला दगड असं सगळं सापडत होतं. वहिनीला विचारलं, तर ती म्हणाली, "थंड आहे." मुलगी वाट बघत राहिली. पण त्यापुढे काही नव्हतंच. गाढवाला गुळाची चव काय, असं मी मुद्दाम मोठ्याने म्हणालो आणि ते जोडपं हसलं. वहिनी पाचही ग्लास शांतपणे संपवून बसली. एकदाही थुंकली नाही. गोळ्यांचा कोर्स संपवावा तसे संपवले. चढली म्हणावं, तर तेही नाही.

दुसरी जागा टेकडीवर होती. काचेची खोली, समोर उतारावर मळ्याच्या रांगा. गर्दी होती. वहिनी हात धुवायला गेली आणि मी दोघांच्या जागा धरून उभा राहिलो. माझ्या बाजूला एक तरुण जोडपं होतं, बाईच्या अंगाला झोळीत बांधलेलं बाळ, दीड-दोन महिन्यांचं असेल. झोळीचा पट्टा अडकला. नवरा बाटल्या घ्यायला दुसऱ्या टोकाला गेलेला. ती मला म्हणाली, "दादा, एक मिनिट धरता का?" आणि मी नाही म्हणायच्या आत बाळ माझ्या हातात होतं. बारक्या, मी आपल्या मुलीला हॉस्पिटलात धरलं होतं तेव्हा तू दाराबाहेर उभा होतास. त्यानंतर मी कुठलंच बाळ हातात घेतलं नव्हतं. हे बाळ तिच्यापेक्षा जड होतं, आणि सारखं हलत होतं. माझ्या छातीत काहीतरी होईल म्हणून मी थांबून राहिलो. झालं काहीच नाही. मी फक्त डोक्याखाली हात नीट धरला आहे ना, तेवढं बघत होतो.

तेवढ्यात वहिनी बाहेर आली. तिने मला पाहिलं. मला वाटलं, ती परत आत जाईल, किंवा सरळ गाडीकडे चालायला लागेल. ती आली, बाळाचा एक मोजा निसटून लोंबत होता तो तिने वर ओढून नीट बसवला आणि आपला ग्लास उचलला. बाळाची आई म्हणाली, "तुम्हाला सवय दिसते. किती मुलं तुम्हाला?" आम्ही दोघंही एकदम बोलायला गेलो आणि दोघंही थांबलो. मग वहिनी म्हणाली, "एक झाली होती." ती बाई काय समजायचं ते समजली. तिने बाळ माझ्याकडून इतकं हळूच परत घेतलं, जणू ते माझंच होतं. नंतर लांबून ती आमच्याकडे बघत राहिली, पण जवळ आली नाही. मला ते आवडलं.

संध्याकाळी लॉजवर आम्ही पाव आणि चीज खाल्लं आणि टीव्हीवर समुद्राच्या तळाशी राहणाऱ्या माशांचा कार्यक्रम बघितला. त्यातले काही मासे आंधळे असतात, हे तुला माहीत होतं का? आम्ही तो शेवटपर्यंत बघितला. आमचं आता असंच असतं. जे समोर चालू असेल ते बघतो. भांडण नाही, रडणं नाही. लोकांना वाटतं, किती सावरले दोघं. हातपाय चालतात, कामं होतात, म्हणजे सावरलेच म्हणायचं.

रविवारी सकाळी तिसऱ्या ठिकाणी गेलो. तळघर होतं, मान वाकवून उतरावं लागलं. तिथले म्हातारे मालक स्वतःच ओतून देत होते. त्यांनी वहिनीसमोर दोन ग्लास ठेवले. द्राक्ष एकच, फक्त पिंपं वेगळी. म्हणाले, "आता सांगा, हा बरा की हा बरा?" आणि वहिनी हसायला लागली. खरंखुरं हसली, बारक्या. मीच दचकलो. ती म्हणाली, "अहो, हे मी दिवसभर लोकांना विचारत असते. ही काच बरी की ही बरी?" मालकांनी विचारलं, "मग उत्तर काय तुमचं?" ती म्हणाली, "दोन्ही सारखेच." "तुमचं गिऱ्हाईक असं म्हणालं, तर तुम्ही काय करता?" ती म्हणाली, "घाई नाही, पुन्हा बघा, असं सांगते." "मग घाई नाही, पुन्हा घ्या." तिने पुन्हा घेतले. दोन्ही सारखेच लागले. मालकांना जरासुद्धा वाईट वाटलं नाही.

वर येऊन गाडीत बसलो. गाडी उन्हात तापली होती म्हणून काचा खाली केल्या. मी किल्ली लावणार, तेवढ्यात ती समोर बघत म्हणाली, "धाकटीला दिवस गेलेत ना?" माझा हात तिथेच राहिला. गुरुवारी तू फोनवर ती बातमी दिलीस, पण मी तिला अजून काहीच सांगितलं नव्हतं. मी विचारलं, "तुला कुणी सांगितलं?" ती म्हणाली, "धाकटी मला पूर्वी नवी चप्पल घेतली तरी फोटो पाठवायची. महिनाभर नुसतं 'कशा आहात ताई?' एवढंच चाललंय. आणि गुरुवारी बारक्याचा फोन ठेवल्यावर तू अर्धा तास रुमाल इस्त्री केलेस. लग्न झाल्यापासून तू इस्त्रीला हात लावलेला मी पाहिला नाही." मी मान डोलावली. तू म्हणाला होतास, वहिनीला कधी सांगायचं ते दादा तू ठरव, तोपर्यंत आम्ही रविवारी येत नाही. मी तेही सांगून टाकलं. ती म्हणाली, "ताकाला जाऊन भांडं काय लपवायचं? पोट दिसायला लागल्यावर काय, उशी आहे म्हणून सांगणार होते दोघं?" ती रडली नाही. मीही नाही. पण तिने माझा हात किल्लीवरून काढून आपल्या मांडीवर ठेवला, आणि ते गेल्या कित्येक महिन्यांत झालं नव्हतं.

तर हे पत्र तिच्या सांगण्यावरून लिहितोय. तिने सांगितलंय की रविवारी नेहमीसारखं जेवायला या. मधेच ती उठून आत गेली, तर दार वाजवू नका, तिची ती बाहेर येईल. धाकटीने तिच्यासमोर सैल कपडे घालून पोट झाकायचं नाही. आणि मला बजावलंय, "आनंद झाला असं लिहू नकोस. तो झाला की माझी मी सांगेन." माझंही तसंच आहे, म्हणून मीही लिहीत नाही. तू समजून घेशील. सकाळी मी कामाला निघालो, तेव्हा ती दारापर्यंत आली आणि म्हणाली, हे लिहायला विसरू नकोस: धाकटीला सकाळी मळमळत असेल, तर उशाशी कोरडी बिस्किटं ठेवायची आणि अंथरुणातून उठायच्या आधीच एक खायचं. वहिनीला त्याचा फार उपयोग झाला होता.

तुझाच,
दादा