बत्तासा विरघळतो

आई, आज देवळ्याकडच्या एका मुलीच्या श्वासनळीतून शेंगदाणा काढला. अडीच वर्षांची. पंधरा दिवस न्यूमोनियाची औषधं चालू होती. तिची आई म्हणाली, "लय ठसकली होती, म्याडम. डोक्यावर थापटलं, चिमणी दाखवली, मग थांबली. वाटलं, गेलं खाली." खालीच गेला होता, वाट चुकून.

हल्ली आधी तालीम करता येते. स्कॅनवरून त्या मुलीचीच श्वासनळी संगणकात उभी करतात. डोळ्यांवर जाड चष्मा चढवून मी तिच्यात उतरते, मान वळवत फाटे बघते, दुर्बीण आणि चिमटा कुठून न्यायचा ते ठरवते. उजव्या फाट्यात दाणा दिसला, आणि मी तिथेच खिळले. संगणक सांभाळणारी तंत्रज्ञ म्हणाली, "मॅडम, वर बघा ना. चिमणी नाहीये, तुकडा आहे दुसरा." ती हसली. मला चष्मा काढावा लागला.

पंचवटीत फुलांच्या पाटीमागे आपण तिघी बसलो आहोत. मी नऊ वर्षांची, धाकटी तुझ्या मांडीला टेकलेली. तू शेवंती ओवते आहेस. ती ठसकते. सुई खोचून तू तिच्या डोक्यावर थापटतेस, "वर बघ, वर बघ, चिमणी बघ." ती वर बघते. खोकला थांबतो. "काय होतं गं तिच्या तोंडात?" मी म्हणते, "बत्तासा." "मग विरघळेल," म्हणून तू पुन्हा सुई उचलतेस. तीन आठवड्यांनी ती गेली. डॉक्टरांनाही तू बत्तासाच सांगितलास.

मेडिकलच्या दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत मी ओट्याशी उभी राहून तुला शिकवलं, की ठसका थांबला म्हणजे सुटलं असं नसतं. तेव्हाच दवाखान्यात न्यायला हवं होतं. भाकरी थापणारे तुझे हात थांबले. "पण बत्तासा विरघळतो ना गं?"

"नेहमीच नाही," मी म्हणाले.

त्यानंतर प्रसादाचा बत्तासा तू कुठल्याच लहान मुलाच्या हातावर ठेवला नाहीस. माझ्या मुलांच्याही नाही.

आज त्या बाईला मी सांगितलं, "तुमचं काही चुकलं नाही." सहज बोलून गेले. तू वाचू शकत होतीस तोवर हे लिहिलं नाही. त्या दुपारी पाटीमागे मी शेंगा सोलत होते. धाकटीला देऊ नकोस, असं तू बजावलं होतंस. ती आ करून बसली होती.

बत्तासा विरघळतोच, आई. नेहमी.