सांचीला वाघ दाखवायला नेलं

१७ मे, रविवार

दुपारी प्रतिभाचा फोन. आधी ऊन किती, मग नळ कितव्या दिवशी येतो. एवढी चौकशी झाली तेव्हाच कळलं, मूळ काम पुढेच आहे. "ताई, सांचीले आता घेऊन जातो म्हणतो. इकडच्या शाळेत दुसरीत नाव घातलं."

मी म्हटलं, बरं.

दुसरं काय म्हणणार? आई आहे ती. दीर गेला तेव्हा पोर दोन वर्षांची. प्रतिभा नाशिकला कामाला लागली आणि सांचीला माझ्या मांडीवर ठेवून गेली. "जम बसला का नेतो," असं तेव्हाच बोलली होती. मागच्या वर्षी तिचं दुसरं लग्न झालं, तेव्हा वेणी मीच घातली तिची. सगळं रीतसर आहे. मी तिची मोठी जाऊ. मला मूल नाही हे तिलाही ठाऊक आहे, म्हणून फोनवर आवाज इतका हळू.

यांना संध्याकाळी सांगितलं. पंपाच्या जळालेल्या मोटारीत नवी तार भरत बसले होते. तार तशीच हातात राहिली.

१९ मे, मंगळवार

अंगणवाडीत लसीकरण. अकरा लेकरं. गावात आशा म्हणून मी एवढी वर्षं काढली, त्यात एकच विद्या नीट आली. लेकराचा हात त्याच्या आईच्या हातात द्यायचा, वर बोट दाखवायचं, "ते पाय, पंख्यावर चिमणी!" लेकरू वर बघतं, तोवर सिस्टरची सुई आत आणि बाहेर. रडतं, पण नंतर. सिस्टर म्हणतात, "तुमची चिमणी दवाखान्याच्या स्टॉकमधी लिहा लागते."

सांची रजिस्टर धरून बसली होती. सुट्ट्या लागल्यापासून माझी मदतनीस. घरी येताना म्हणाली, "मोठाई, चिमणी नसतेच ना वं?"

"नसते."

"मले माहीत हाय. तरी मी दरवेळी वर पायतो."

खूप हसलो दोघी.

२१ मे

ठरवलं ते असं. घरून नेलं तर ती दाराची चौकट सोडणार नाही, माझीच पोर आहे ती. मलकापूरच्या पुढे हायवेला नवीन सफारी पार्क झालंय. प्रतिभा तिकडून येईल, आम्ही इकडून. दिवसभर फिरू, तिची आईशी गट्टी होईल, मग तिथूनच जाईल. लेकरू खुशीत असताना.

हे म्हणाले, "तिले खरं सांगून टाकू. सात वर्षांची हाय, समजते तिले."

"तुम्हाले लेकरांतलं काय समजते?" असं बोलले. बोलायला नको होतं.

सांचीला सांगितलं, रविवारी वाघ. उड्या मारल्या. "आन् नाही दिसला त?" म्हटलं, वाघ दिसल्याशिवाय घरीच यायचं नाही. हातावर हात मारून वचन घेतलं तिनं.

२३ मे

तिखट-मिठाच्या पुऱ्या. लोणचं. दोन बाटल्या पाणी बर्फात.

तिचे कपडे, दोन फ्रॉक ठेवून बाकी सगळे, एका पिशवीत भरले आणि शेजारच्या रहीमभाईच्या इको गाडीत मागच्या सीटखाली सरकवून आले. चोरासारखं. रहीमभाईनं पाहिलं. वर एक गोणपाट टाकलं.

शाळेचं प्रगतिपुस्तक पिशवीत ठेवायचं राहिलं. की ठेवलं नाही, मलाच सांगता येत नाही.

२४ मे, रविवार

आलो परत. तिघंच. हे, मी, रहीमभाई.

उद्या लिहीन.

२५ मे

लिहिते.

अकराला पोचलो. अर्धा खानदेश तिथे आलेला. गाड्या पार हायवेपर्यंत. खिडकीवर टोकन दिलं, आणि आमचा नंबर यायला तीन तास. सावली एका निंबाची, तिच्याखाली चाळीस माणसं. प्यायच्या पाण्याच्या नळावर भांडणं. सांची यांच्या खांद्यावर बसून सगळ्यांना सांगत होती, "आम्ही वाघ पायल्याशिवाय जाऊन नाही राह्यलो."

प्रतिभा आली. नवरा गाडीतच थांबला, समजूतदार वाटला माणूस. सांचीनं आईला ओळखलं, फोनवर बघते की. लाजली. माझं बोट धरूनच तिनं आणलेला फ्रॉक बघितला. प्रतिभाचे डोळे सारखे त्या बोटाकडे.

दोनला जाळीच्या बसमध्ये घुसलो. बसायला जागा नाही, जाळीला पोरांची तोंडं चिकटलेली. हरणं दिसली, तीही पाठमोरी. एका झाडावर माकडं, सगळी बस "माकड, माकड" करून एका अंगाला कलली. आमच्या गच्चीवर रोज येतात तीच जात. वाघाच्या कुंपणापाशी बस एक मिनिटभर थांबली. चालक म्हणाला, "ऊन हाय, तो गुहेत झोपला. उठत नाही आता." झालं. एवढ्यासाठी तीन तास.

सांची रडली नाही. म्हणाली, "मंग आपण थांबू. उठंल तो."

बाहेरच्या वाटेवर ते कुंपण पुन्हा लागतं. जाळी, पलीकडे वाळलेलं गवत. तिथे गर्दी इतकी की रेटत पुढे सरकायचं. प्रतिभा माझ्या डाव्या हाताला. तिचा नवरा फाटकापाशी गाडी चालू करून उभा, कपड्यांची पिशवी रहीमभाईनं आधीच तिच्यात ठेवलेली. पाच वाजत आले होते, त्यांना लांब जायचं. प्रतिभा हळूच म्हणाली, "ताई, आता."

मी दिवसभर शब्द जुळवत होते. आई बोलावते, शाळा मोठी आहे, दिवाळीत तू येशीलच. एकही तोंडातून निघाला नाही. निघालं ते हे:

"सांची, ते पाय! गवतात! वाघ!"

ती वळली. मी माझं बोट सोडवून घेतलं आणि तिथे प्रतिभाचा हात दिला. लसीकरणात देते तसाच. मागे सरले. गर्दीनं मला लगेच गिळलं, त्या गर्दीचा दिवसभरात तेवढाच उपयोग झाला.

गाडीपर्यंत कान मागे होते. रडण्याचा आवाज आला नाही. कधी तरी यायलाच हवा होता. मी थांबलेच नाही ऐकायला.

पुऱ्या तशाच परत आल्या. गाईला घातल्या.

२८ मे

हे दिवसभर मोटारीच भरत बसतात. आज जेवताना फक्त एकच: "सांगून नेली असती त रडली असती. रडू द्या लागत होतं."

मी म्हटलं, मी तिच्याच भल्यासाठी केलं.

"तू तिले टोचलं," म्हणाले आणि ताट घेऊन उठले.

आठवीपासून डायरी लिहिते. स्वतःबद्दल इतकं वाईट कधी लिहावं लागलं नव्हतं. ते खरं बोलले.

२ जून

प्रतिभाचा फोन. जेवते, झोपते, नव्या बाबाशी लपाछपी खेळते म्हणे. फोनवर मात्र येत नाही. "मोठाई हाय," म्हटलं की गॅलरीत जाते. प्रतिभा रडली. मी रडले. कोणी कोणाची समजूत घालायची तेच कळेना.

तिची छोटी टिकलीची डबी आरशामागे सापडली. तिथेच ठेवली.

९ जून, मंगळवार

लसीकरण. नऊ लेकरं. पहिलंच आलं दीड वर्षाचं. आईनं मांडीवर घेतलं, हात धरला. मी बोट वर केलं. पंखा फिरत होता. सिस्टर सुई धरून थांबल्या. "काऊन ताई, चिमणी उडाली काय आज?"

मी खाली वाकून म्हटलं, "बाळा, सुई हाय. दुखते थोडं. मी हाय इथं."

लेकराला काय कळणार, ते माझ्याकडे बघत राहिलं आणि मग जे रडलं! बाकीचीही सुरू झाली. आया वैतागल्या. सिस्टर म्हणाल्या, पुढच्या वेळी बऱ्या होऊन या.

पण बोट घट्ट धरून रडलं ते. माझं.

१२ जून

सांची बोलली. आपण होऊन फोन मागितला म्हणे.

"मोठाई."

"हाव बाई."

मागे कुकरची शिट्टी.

"वाघ नव्हता तिथं."

"नव्हता."

"मले माहीत होतं. तू चिमणी दाखवली."

मी पदर तोंडात धरला. विचारलं, "मंग काऊन पायलं वं तिकडं?"

"तू म्हटलं म्हणून."

पुढचं काही ऐकू आलं नाही. हे शेजारी उभे होते, त्यांनी फोन माझ्या हातून घेतला आणि तिला पावसाचं काय काय विचारत राहिले. मी ओट्याला धरून उभी.

१४ जून, रविवार

सकाळी रहीमभाईला विचारलं, नाशिकला कधी जाता येईल. म्हणाला, "भाभी, तुम्ही बोला, गाडी उभी हाय." यांनी कालच शर्टाला इस्त्री करून ठेवलीय.

मग फोन लावला. सांचीच आली. म्हटलं, बाई, माझं चुकलं. तुला सांगून न्यायला पाहिजे होतं. मी येते तुला भेटायला आणि हे तोंडावर सांगते.

ती म्हणाली, "खरं का चिमणी?"

"खरं."

फोन प्रतिभाकडे गेला. ती गॅलरीत गेली असावी, रस्त्याचा आवाज येत होता. "ताई, राग नका मानू. आत्ता आत्ता माह्या कुशीत झोपून राह्यली. तुम्ही आले का पुन्हा पहिल्यापासून. दोन-तीन महिने नका येऊ. तिले मी समजावतो."

तिचंही खोटं नाही. पाच वर्षं तिनं कशी काढली ते मला तीन आठवड्यांत कळलंय.

हे विचारतायत, काय ठरलं. रहीमभाईला काय सांगू. प्रगतिपुस्तक पर्समध्ये घालून ठेवलंय. मी पोरीला "खरं" म्हणून बसलेय.