ग्रेसीच्या गटाला आलेली म्हातारी

६ जानेवारी, सोमवार
मला अक्षर येत नाही. मी सांगते, नात ग्रेसी लिहिते. नववीत आहे, अक्षर कोंबडीच्या पायासारखं. कुणाला दाखवायचं नाही, अशी बायबलवर हात ठेवून शपथ घेतलीय तिनं. आजपासून नियम : दानियलची काळजी करायची नाही. माझा लेक, हिचा बाप. गुजरातेत ऊसतोडीला गेलाय. नाताळला आला नाही. काम असेल.

८ जानेवारी
शाळेत कादंबरी सुरू. मॅडम म्हणाल्या, पुस्तक नंतर, आधी माणसांची ओळख. प्रत्येक गटाला एक चिठ्ठी, चिठ्ठीत एक माणूस. चर्चा करून ते कसं आहे सांगायचं. ग्रेसीच्या गटाला म्हातारी आली. लेक परगावी गेलेला, फिरकत नाही, ही रोज त्याचं ताट वाढते. मी म्हटलं, बावळट बाई! अशा बाया मी लांबून ओळखते. गटाला सांग माझं नाव घेऊन.
दानियलची भाकरी झाकून ठेवली.

११ जानेवारी
नियम पाळला. फक्त चारदा फोन लावायला सांगितला. बंद. चार्जर विसरला असणार. शाळेत चड्डी विसरून गेलेला माणूस.
कालची भाकरी कोंबड्यांना. कोंबड्या माजल्या.

१५ जानेवारी, बुधवार
दानियलच्या टोळीचा मुकादम आला. चहा नको म्हणाला. हा माणूस चहाला नको म्हणतो? दानियलचा कोयता दाराशी टेकवला. मुठीला माझ्याच लुगड्याची लाल चिंधी. म्हणाला, माय, उद्या-परवा पोलीसपाटील येतील, ते सांगतील. बूट न काढताच गेला.
तोडणीवाला आपला कोयता दुसऱ्याच्या हातात देत नाही. म्हणजे धार गेली असणार, लावायला पाठवलाय. आळशी! तिकडे लोहार मेले काय?
ग्रेसी थांबली. म्हटलं, लिही.

१७ जानेवारी
शाळेत चर्चा झाली. गटातला करणसिंग म्हणाला, म्हातारी येडी आहे. सगळा गट हो म्हणाला. ग्रेसी एकटी नाही म्हणाली. मॅडमनी विचारलं, का? तर म्हणे, तिला सगळं कळलंय. पण ताट वाढलं नाही तर नातीला कळेल.
मी विचारलं, चिठ्ठीत नात होती का गं?
नव्हती म्हणाली.
ही पेन धरून बसली.
मग म्हटलं, दाराशी दोन दिवस पडलाय तो कोयता, आत आण.
अंगठा फिरवून पाहिला.
धार चांगली आहे.