विहिरीवरचे सांडगे आणि साहेबांची बाटली

बसवनगुडी, बंगळूरु
८ तारीख, सकाळ

चि. त्रिविक्रम भाऊजींना वहिनीचा आशीर्वाद.

तुमचा गुडघा, कौशल्याचा दमा आणि म्हशीचं दूध, तिन्ही जागेवर असतील अशी आशा. मी बरी आहे. (बरी असते तर एवढ्या दोन ओळींत तीनदा उठून नळ बंद आहे का ते पाहिलं नसतं.) फोनवर मी खडीचं नाव काढलं की तुमचा आवाज तुटतो, म्हणून पत्र. कागदाला रेंज लागत नाही.

आपल्या मळ्यालगत नदीतली खडी काढायला जी कंपनी परवाना मागते आहे, तिचा अहवाल मी मिळवून वाचला. एकशे बारा पानं, सगळी कन्नडमध्ये. माझं कन्नड चिकपेटेतल्या साडीच्या दुकानांच्या पाट्या वाचून आलेलं. अहवालात ना साडी ना सवलत, त्यामुळे शब्दकोश मांडीवर घेऊन अकरा दिवस गेले. सदुसष्टाव्या पानावर आपली विहीर भेटली. लिहिलंय, विहीर वापरात नाही, तोंडावर वाळवण घालतात, घरची माणसं विकतचं पाणी पितात.

आधी मी कंपनीला शिव्या घातल्या. मग आठवलं. कंपनीचे मोजणीचे साहेब आले त्या दिवशी कौशल्याने विहिरीच्या जाळीवर लुगडं अंथरून सांडगे घातले होते. आणि एवढ्या मोठ्या माणसाला विहिरीचं पाणी कसं द्यायचं, म्हणून तुम्ही स्टँडवर जाऊन सीलबंद बाटली आणलीत. (वर मला फोन करून सांगितलंत, "वहिनी, गार मिळाली!") असा पाहुणचार केलात की पाहुण्याने विहीरच पुसून टाकली. आमचे हे, तुमचे अण्णा, दर उन्हाळ्यात रजा काढून तिचा गाळ उपसायला यायचे, ते काय सांडगे वाळावेत म्हणून?

कागदावर विहीर नाही, म्हणजे परवान्यात तिच्यासाठी अट नाही. मग नदी हवी तेवढी खोल खणतील. नदी खाली गेली की विहीरही तिच्यामागे जाते, हे कळायला शब्दकोश लागत नाही.

काल हरकत नोंदवायला कार्यालयात गेले. (रिक्षावाला मीटरने यायला तयार झाला, तेव्हाच पाल चुकचुकली होती.) टेबलावर महांतेश नावाचा कारकून, तुमच्याच बाजूचा, मराठी बोलणारा.

"अक्का, म्हणजे खडी नकोच?"

"नको कसं म्हणू? माझ्या डोक्यावरच्या स्लॅबात काय साबुदाणा आहे? पाण्याच्या पातळीखाली खणू नका, विहिरीपासून लांब राहा, दर महिन्याला विहिरीचं पाणी मोजा. एवढं परवान्यात लिहा."

"सरी, बरं. पण विहीर वापरात नाही म्हणून घरमालकाचीच सही आहे की."

त्याने कागद फिरवून दाखवला. सही तुमची, शेवटच्या अक्षराला शेपूट असलेली. न वाचता केलीत ना? साहेबांनी पेन पुढे केलं, नाही कसं म्हणायचं!

तुमची वहिनी,
पुष्पावती

ता. क. बावीस तारखेला सुनावणी आहे. ती सही मागे घेतल्याचं पत्र आणि तपासणीसाठी विहिरीचं पाणी घेऊन स्वतः या. गुडघ्याचं कारण चालणार नाही, बस दारापर्यंत येते.

आणखी एक. महांतेश म्हणाला होता, "पाणी आत्ता दिलंत तर आजच नोंद करतो." पिशवीत बाटली होती. तीन वर्षांपूर्वी हे शेवटचे गावी आले, तेव्हा यांनी शेंदून भरलेली. कुठे जायचं तर बरोबर घेते, सवय झाली आहे. बाहेर काढली आणि परत ठेवली. म्हटलं, "हे नाही, दुसरं आणते." त्याने नोंदवही मिटली, म्हणाला, "सरी अक्का, बावीसला द्या."

तेव्हा ताजं आणा. स्वतः शेंदून. स्टँडवरची बाटली आणलीत तर दार उघडणार नाही.

आणि हो, सांडगे संपलेत. तेही आणा. फक्त कुठे वाळवले, ते सुनावणीत सांगू नका.