रंग तुम्ही सांगा

प्रिय दादा,

दुकान काल उघडलं. पाय भरून आलेत, घसा पार बसलाय, तरी मी सकाळपासून एकटीच हसत सुटलेय. आई म्हणाली, आता दादाला लिहायला बस, म्हणजे घरात जरा शांतता होईल.

आधीच सांगून ठेवते, तुला दुकान ओळखू येणार नाही. दारासमोर आडवं पडलेलं आजोबांचं काउंटर गेलं. काचेची कपाटं गेली. छताला टेकलेले तागे हाताशी आले. सुतार काउंटरला पहार लावायला आला, तर बाबा घरून मुद्दाम येऊन समोर स्टूल टाकून बसले. अंगावर धूळ घेतली, पण जागचे हलले नाहीत. शेवटी त्याच लाकडाचं टेबल करून याच दुकानात ठेवतो, असा शब्द सुतारानं दिला तेव्हा कुठे स्वारी उठली. पुढे आम्ही बापलेक रोज भांडलो. जेवताना फळी, खिळा आणि रंग हे शब्द कुणी काढायचे नाहीत, असं आईनं फर्मान काढलं होतं.

तू म्हणशील, चालत्या दुकानाची मोडतोड कशाला केलीस? दुकान चालत होतं रे, पण बाबांना त्यात चालता येत नव्हतं. त्यांच्या डोळ्यांचं तुला माहीत आहे. किती बिघडलंय ते मात्र आम्ही तुला कळू दिलं नव्हतं. समोरचं सगळं धुरकट दिसतं, कडेकडेचं तेवढं कळतं. यावर ऑपरेशन नाही, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. काउंटरचे कोपरे लागून त्यांचे गुडघे काळेनिळे व्हायचे. कोपऱ्यावरच्या टेलरला त्यांनी काळ्याऐवजी गडद निळं कापड कापून दिलं. भला माणूस, एका शब्दानं बोलला नाही. पण पुढच्या वेळी दारातूनच त्यानं विचारलं, ताई आहेत का? बाबा आतच होते. त्यांनी ते ऐकलं आणि दुसऱ्या दिवसापासून दुकानात यायचंच सोडलं. घरी भिंतीकडे तोंड करून बसायचे. आईनं रेडिओ लावला की उठून बंद करायचे.

मला ते बघवेना. एका दुपारी शटर ओढून घेतलं, डोळ्यांवर कापड बांधलं आणि दुकानभर फिरले. कपाळावर चांगलं टेंगूळ आलं, पण डोक्यात उजेडही पडला. मग डॉक्टरांना जाऊन भेटले. चकाकी त्यांची वैरी आहे, म्हणाले. काच काढा, दिवे झाका, कडा ठळक करा. तेच केलं. पांढऱ्या फळ्यांना गडद पट्ट्या मारल्या. जमीन एकसारखी केली, मधली वाट मोकळी सोडली. दारापाशी सुती, मग रेशमी, मागे लोकरी, अशी कापडं पोतानुसार लावली. हात लावला की आपण कुठे उभे आहोत ते कळावं. आणि आजोबांच्या काउंटरचं टेबल खिडकीला लावलं, म्हणजे गिऱ्हाइकाला रंग दिवसाच्या उजेडात बघता येईल. आठवतं ना, बायका तागा घेऊन फुटपाथवर जायच्या आणि आपण मागे धावायचो?

बाबा काल येणारच नव्हते. आईनं त्यांना इस्त्रीचा शर्ट दिला आणि चपला पुढे ठेवल्या. आले, तर दारातच थबकले. फळीवर हात ठेवला. मग हात न काढता सावकाश शेवटपर्यंत गेले आणि परत आले. दुसऱ्या खेपेला हात खाली होता. मी आत जाऊन डोळे पुसून आले.

पहिली आली ती एक गायिका, कार्यक्रमासाठी काळं कापड हवं होतं तिला. मी पुढे होणार, तोच बाबा निघाले. लोकरीच्या अलीकडचा तागा काढला, टेबलावर उलगडला, बोटांत चुरगळून सोडला आणि म्हणाले, "बाई, रंग तुम्ही सांगा, कापड मी सांगतो. हे अंगावर पडेल छान, घामानं चिकटणार नाही." तिनं तागा उजेडात धरला. निळा निघाला. शेजारचा काढला, तो काळा. दोघंही हसले. लपवालपवी नाही की ओशाळणं नाही. दुपारपर्यंत सगळ्या दुकानाला ते वाक्य पाठ झालं. संध्याकाळी टेलर आला, मला ओलांडून सरळ त्यांच्यापाशी गेला आणि अस्तर मागितलं. बाबांनी त्याला मुद्दाम दहा प्रकार दाखवले, सूडच घेतला म्हण ना.

आता खरं सांगते. मागच्या आठवड्यात तू फोनवर बाबांना म्हणालास, की जहाज बंदराला लागलं की राजीनामा देतो आणि दुकानात येऊन बसतो. त्यांनी फोन ठेवला आणि त्या रात्री जेवले नाहीत. तुला इंजिनरूमशिवाय करमत नाही हे त्यांना माहीत आहे; तू त्यांच्यापायी ते सोडणार, हे डोळे जाण्यापेक्षा जास्त लागलं. तुझं मन मोठं आहे, दादा, पण राजीनाम्याची गरज नाही. काल कुलूप त्यांनीच लावलं. किल्ली खिशात टाकत मला म्हणाले, "त्याला लिही, जहाज सोडू नकोस. दुकानाला मालक आहे."

तुझीच,
ठकी