मधले दार चुन्यात बुजवावे

मी, बर्निस कोझ्लिक, दिवंगत गवंडी काझिक कोझ्लिक यांची पत्नी, वय अठ्ठ्याहत्तर, राहणार केलरटन, विस्कॉन्सिन, लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. बिघडले आहे ते हृदय, आणि त्याची शस्त्रक्रिया येत्या गुरुवारी आहे. हे मृत्युपत्र मला कोणी लिहायला लावलेले नाही. उलट माझा मुलगा लायल "आई, आता हे कशाला?" म्हणून दोनदा कागद उचलून घेऊन गेला. याआधी मी जे काही लिहिले असेल ते रद्द समजावे.

कलम १. माझे घर जोडघर आहे. छप्पर एक, पण पायऱ्या, पुढची दारे आणि नंबरच्या पाट्या दोन. चौदा नंबर मी माझी सून मार्लीस हिला देते. लायलपासून तिचा घटस्फोट होऊन आठ वर्षे झाली, माझ्यापासून झालेला नाही. ती आणि माझी नात कोरा तिथेच राहतात. सोळा नंबर, जिथे मी राहते आणि भाड्याची खोली सुटल्यापासून लायलही राहतो, तो लायलला देते. वकील म्हणाले, सगळे दोघांच्या नावे एकत्र केले तर कागद कमी लागतील. कागद लागू देत.

कलम २. कोरा पुढच्या वर्षी कॉलेजला जायची आहे. सरकारी मदत मिळाली तर जाईल, नाही तर नाही. शाळेतल्या सल्लागार श्रीमती ओयलर यांनी नियम समजावला. आईबाप घटस्फोटित असून वेगळे राहत असतील, तर मुलीचा जास्त खर्च उचलणाऱ्याचीच कमाई धरतात, म्हणजे वृद्धाश्रमात पाळ्या करणाऱ्या मार्लीसची. दोघे एकाच घरात राहत असतील तर घटस्फोट असो वा नसो, दोघांची धरतात. लायल विजेच्या तारांवर काम करतो. वादळ आले की त्याला ओव्हरटाइम मिळतो. तो जुनी कर्जे फेडण्यात जातो, पण ते कोणी विचारत नाही.

अडचण मधल्या दाराची आहे. काझिकची आई चौदा नंबरात अंथरुणाला खिळली, तेव्हा तिची हाक ऐकू यावी म्हणून त्याने मधल्या भिंतीत दार पाडले. ते तसेच राहिले. पुढे चौदा नंबरची शेगडी बिघडली आणि आम्ही चौघे माझ्याच टेबलावर जेवू लागलो. श्रीमती ओयलर यांनी फोनवर राहण्याचे विचारले तेव्हा लायल हसत म्हणाला, "तसं बघितलं तर आमचं एकच घर आहे." फोन ठेवल्यावर कोरा पांढरीफटक पडली होती.

"बाबा, काय बोलून बसलास तू?"

"अगं, गमतीनं म्हटलं."

"त्यांना गंमत कळत नाही, बाबा. त्यांना पत्ता कळतो."

मार्लीस म्हणाली, "मधलं दार बंद असतं म्हणून सांगू या ना, आई."

मी म्हणाले, "मग बंद कर. वेगळं राहतो असं लिहायचं असेल तर वेगळं राहायचं. माझ्या घरातून खोटं काही लिहून जायचं नाही."

तेव्हापासून दार बुजवायला आणलेल्या विटा पोर्चवर पडून आहेत. लायल "उद्या बघू" म्हणतो आणि मार्लीस मान डोलावते. का ते म्हातारीला कळत नाही असे दोघांनी समजू नये. त्याचे बूट हल्ली कुठल्या बाजूला सुकतात ते मला अंथरुणातून दिसते. आठ वर्षे दर रविवारी मी चर्चमध्ये हेच मागत होते, आणि मिळाले ते नेमके कोराचा अर्ज भरायच्या वर्षी. मला भीती वाटते. शस्त्रक्रियेची कमी, आणि मी नसताना ही दोघे रडत रडत एकमेकांच्या गळ्यात पडतील याची जास्त.

म्हणून माझ्या दफनाआधी ते दार विटांनी बुजवावे आणि शेगडी दुरुस्त करावी. कोरा पदवी घेईपर्यंत दोघांनी एका घरात राहू नये व पुन्हा लग्न करू नये. शुक्रवारी, आपल्या चर्चच्या रिवाजाने, मासे खायला एकमेकांकडे पुढच्या दाराने, घंटी वाजवून यावे आणि जेवून आपापल्या घरी जावे. अट मोडल्यास दोन्ही घरे कोराची आणि तुम्ही तिचे भाडेकरू. वकील म्हणतात ही अट कोर्टात टिकणार नाही. कोर्टात नको, घरात टिकू दे.

कलम ३. नणंद फ्लोरेन्स माझ्या स्वयंपाकघरात बसून मार्लीसबद्दल म्हणाली होती, "आता ती आपली कोण?" ज्या खुर्चीत बसून म्हणाली ती खुर्ची तिला द्यावी. एक पाय डुगडुगतो. दुरुस्त करून देऊ नये.

कलम ४. माझी बचत कोराच्या नावे ठेवू नये. मुलीच्या नावावरचे जास्त मोजतात, असे श्रीमती ओयलर म्हणाल्या. नातीला काही न देणारी आजी म्हणून गाव मला नावे ठेवील. ठेवू दे. दफन आणि शेगडी यांतून उरेल ते छपरावर खर्च करावे, कारण ते तेवढे एकच आहे.

कलम ५. काझिकची थापी, ओळंबा आणि पाणसळ लायलला. दार त्यानेच बुजवावे, पण सिमेंटात नव्हे, चुन्यात. काझिक सांगायचा, "बर्नी, चुन्यातली वीट पुढं अख्खी सुटते, सिमेंटातली फुटते." लायलला हे ठाऊक आहे, तरी लिहून ठेवते, कारण घाईत तो हाताला लागेल ते पोते फोडतो.

घण कोराला. "बुशा, मी घण घेऊन काय करू?" असे ती आपल्या या पोलिश आजीला विचारील. पोरी, पदवी हातात पडली की आधी घरी ये. पहिला घाव तुझा. पण घालण्याआधी भिंत ठोठाव आणि दोघांना मागे सरायला सांग, कारण ती दोघे दोन्ही बाजूंनी भिंतीला चिकटूनच उभी असतील.

वरील सर्व मी स्वतः वाचून, चष्मा लावून, खाली सही केली आहे.

(सही) बर्निस कोझ्लिक

आमच्यासमोर सही झाली, आणि यात आमच्या वाट्याला काहीही नाही :
१. हॅरल्ड नीबूर, शेजारी, घर नंबर अठरा
२. ग्वेन टॉलफसन, ग्रंथपाल

दिनांक : ९ सप्टेंबर २०२५
ठिकाण : केलरटन, घर नंबर सोळा. चौदा वेगळे.