काढून टाकायचं पान

३ मार्च, सोमवार

रद्दीवाल्याला हाकलून दिलं! चक्क तराजू घेऊन आला होता. "अध्यक्षांनी सांगितलंय, जिन्याखालची खोली रिकामी करायची." म्हटलं, अध्यक्षांना सांग – त्या खोलीत धुलाई कामगार संघटनेची चाळीस वर्षं आहेत आणि किल्ली माझ्याकडे आहे. सव्वीस वर्षं लाँड्रीच्या इस्त्री विभागात काढली मी. वाफेला भ्यायले नाही, याच्या तराजूला भिणार होय?

खोलीत ओल आहे. खालची दोन खोकी भिजून लगदा झालीत. बाकीची वाचतील. वाचवणारच.

५ मार्च, बुधवार

दिवसभर गंजलेल्या टाचण्या काढल्या. कागद हलक्या हाताने सोडवायचा, ब्रशने कसर झाडायची, मग दोरीवर लावायचा. पत्रकं, निवेदनं, मोर्चाचे फोटो. सूनबाई डबा घेऊन आली, दोरीकडे बघून म्हणाली, "आई, निवृत्त झालात तरी वाळतच घालताय!" हसून हसून पोट दुखलं. मग तीही पदर खोचून टाचण्या काढायला बसली.

संघटनेच्या वर्धापनदिनाला हे सगळं भिंतीवर लावणार. ठरलं.

७ मार्च, शुक्रवार

एक बाई आली. चाळिशीची, शिक्षिका. बसायच्या आधीच विचारलं, "माझ्या आईबद्दल तुमच्या कागदांत काय लिहिलंय?"

तिची आई म्हणजे बोलकी! कपडे भिजवायच्या हौदांवर होती. तोंडाचा पट्टा सतत चालू, म्हणून ते नाव. एकतीस वर्षांपूर्वी संपाची तारीख तिने मालकाला फोडली असा आळ घेतला आणि संघटनेतून काढलं. वर्षभराने कळलं, फोडणारा मालकाचा ड्रायव्हर. तोवर बोलकी काम सोडून गेली होती. तिची माफी कुणी मागितली नाही.

"आई अजून या गल्लीतून जात नाही," मुलगी म्हणाली. "ऐंशीची झाली, गुडघे धरतात, तरी बाजाराला वळसा घालूनच."

मी त्या सभेला नव्हते, माझ्या आईच्या आजारपणात गेले होते. असते तर एकेकाला तोंडावर सुनावलं असतं!

मुलीला पुढच्या रविवारी बोलावलंय.

१० मार्च, सोमवार

बाकी सगळ्या सालांची इतिवृत्तं आहेत. त्याच सालाची वही गायब! अध्यक्षांना गाठलं. तेव्हा ते चिटणीस होते, सभेत काय झालं ते तेच लिहायचे. त्यांनी चहाचा कप बाजूला सारला.

"वही माझ्या घरी आहे. ते पान राहू द्या ना, ताई."

"का?"

"वाईट वाटेल."

"बोलकीला एकतीस वर्षं वाटतंय त्याचं काय?"

"तुमच्या भल्यासाठी सांगतोय."

धमकी! मला!

११ मार्च, मंगळवार

वही नाही आली. किल्लीही देणार नाही.

१३ मार्च, गुरुवार

कार्यकारिणीच्या बैठकीत उभी राहिले. म्हटलं, वही मिळाली नाही तर प्रदर्शनात रिकामी चौकट टांगेन आणि खाली लिहीन – हे पान अध्यक्षांनी लपवलंय! एक म्हातारी हौदवाली तेवढी म्हणाली, "टांगच तू."

अध्यक्ष माझ्याकडे बघत राहिले. रागाने नाही. तेच जास्त झोंबलं. स्वतःची लाज झाकायला माणूस किती गरीब चेहरा करतो!

१५ मार्च, शनिवार

आली वही! अध्यक्ष स्वतः घेऊन आले, जुन्या टॉवेलात गुंडाळून. म्हणाले, "आधी एकटीने वाचा, ताई. एवढं ऐका." मी म्हटलं, उद्या मुलीसमोरच उघडणार. लपवाछपवी खूप झाली.

वही ठेवून जिना चढून गेले.

१६ मार्च, रविवार

मुलीने मोठ्याने वाचलं. काढून टाकायचा ठराव. विरोधात एकच मत – चिटणीसांचं. सूचक, हौदांवरचा मुकादम. अनुमोदक म्हणून तिने माझं नाव वाचलं. खाली सही माझीच. माझ्या आजारी आईकडे गेले ती सभेनंतरच्या आठवड्यात. आठवलं सगळं.

"ह्या बाई आहेत अजून?" तिने विचारलं.

"आहेत," मी म्हटलं. "मला तुझ्या आईकडे घेऊन चल."